कालाम सुत्त पूर्ण वाचावे

संपादक महोदय,

वडोदऱ्यात बौद्ध नीतीवर व्याख्यान असले की कालाम सुत्ताचा, म्हणजे बुद्धाने कालाम लोकांना केलेल्या उपदेशाचा, दाखला हमखास येतो : ‘बुद्धीला पटेल तेच माना.’ सुत्तात मात्र असे नाही. एखादी गोष्ट खरी मानायला पुरेसे न मानलेले दहा आधार तिथे आहेत. त्यांत ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ, गुरूचा अधिकार यांच्याबरोबर निव्वळ तर्क आणि आपल्या मताशी जुळणे हेही येते. खरी कसोटी पुढे आहे. कृत्य लोभ, द्वेष, मोह यांतून निघाले का, त्याने अहित होते का, जाणते लोक त्याला दोष देतात का? परलोक असो वा नसो, सदाचरणी माणूस इथेच निर्वैर व सुखी राहतो, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच ही नीती कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली आहे.

तिचा सराव मज्झिम निकाय या पाली सुत्तसंग्रहातील ६१व्या सुत्तात, बुद्धाने आपला मुलगा राहुल याला केलेल्या उपदेशात सापडतो : काया, वाचा, मन यांची प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर तपासायची. आपण बहुधा शेवटचीच तपासणी करतो, तीही पश्चात्तापापुरती. कायेने वा वाचेने चूक घडली तर ती गुरूला किंवा जाणत्या सोबत्याला सांगायची, ही पायरी शाळांच्या मूल्यशिक्षणात गळते; कबुली दिली की शिक्षा होते, मग मुले लपवायला शिकतात.

२३ सप्टेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या संकल्पाच्या स्मृतिदिनी, वडोदऱ्यातील त्यांच्या स्मृतिस्थळी म्हणजे संकल्पभूमीवर भाषणांबरोबर ही दोन्ही सुत्ते मराठीतून पूर्ण वाचली जावीत, ही आयोजकांना विनंती.

— एक वाचक, वडोदरा