कृषिमंत्र्यांना खुले पत्र : मक्याचे शंभर दिवस, झाडाची अठ्ठावीस वर्षे

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : मका मोडून वृक्षशेती करण्याच्या सल्ल्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मक्याचे काही खरे नाही, आता झाडे लावा, असे आमच्या येवला-नांदगाव-मालेगाव पट्ट्यात हल्ली जो तो सांगतो. मेळाव्यातले वक्ते सांगतात, जावई सांगतात, रोपवाटिकांचे विक्रेते तर घरी येऊन सांगतात. महोगनी, मिलिया डुबिया, चंदन. गुळगुळीत कागदावर एकरी लाखांचे आकडे. परदेशात पाइनची जंगले शेतासारखी लावतात आणि कापतात, मग आपण का नाही, हा प्रश्नही त्यात असतोच. माझी घरची शेती मक्याची आहे आणि पोटापाण्याचा दुसरा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. मका आणि पाइन, म्हणजे चीड, या दोन्हींशी माझा रोजचा संबंध येतो. म्हणून आपल्याला लिहितो आहे.

निर्यातीच्या द्राक्षाचे खोके घ्या. पुठ्ठ्याच्या दोन सपाट थरांमध्ये जो नागमोडी कागद असतो, तो मक्याच्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेला असतो. खळीत थोडा कॉस्टिक सोडा आणि बोरॅक्स पडतो, बाकी मका आणि पाणी. कागद मात्र आपल्या मातीतला नाही. आपल्याकडचा बहुतेक क्राफ्ट पेपर, म्हणजे खोक्यांचा जाड तपकिरी कागद, रद्दीपासून बनतो, आणि त्यातली चांगली रद्दी अमेरिका-युरोपातून जहाजाने येते. तिच्यात तिकडच्या सूचिपर्णी झाडांचा, मुख्यतः चिडीचा, लांब धागा असतो. चिडीचा धागा साधारण ३ मिलिमीटर, निलगिरीचा जेमतेम १. रद्दी प्रत्येक वेळी नव्याने लगद्यात गेली की धागा तुटतो, आखूड होतो. खोके थंड, दमट कंटेनरमध्ये कितीतरी दिवस एकावर एक रचलेले असते. धागा आखूड असला की तळातले खोके बसते आणि द्राक्षाचा रस होतो. खोक्याखालचे लाकडी पॅलेटही बहुधा चिडीचेच. ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवून किंवा विषारी धुरी देऊन शिक्का मारल्याशिवाय ते परदेशी बंदरात उतरत नाही.

चीड आपल्या घरात आणखी कुठे कुठे आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. तिच्या खोडातल्या डिंकापासून राळ आणि टर्पेंटाइन निघते. राळ साबणात, रंगात, कागदाच्या लेपात जाते. टर्पेंटाइनपासून कापूर बनतो, आणि आरतीच्या ताटात आपण जाळतो तो बाजारातला साधा कापूर बहुतेक त्याच वाटेने आलेला असतो. मक्याची यादी याहून लांब आहे: कोंबडीचे खाद्य, जनावरांचा मुरघास, स्टार्च, औषधाच्या गोळ्या, ग्लुकोज, आणि आता पेट्रोलच्या टाकीतले इथेनॉल. दोन्हींना गिऱ्हाईक आहे, मागणी वाढतेच आहे. पण तेवढ्यावरून दोन्ही एकाच शेतकऱ्याने लावावीत असे ठरत नाही.

मका खादाड आहे. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद, ४० पालाश अशी, आणि खरा शेतकरी त्याहून जास्तच टाकतो. पहिला महिना-सव्वा महिना तण वर येऊ द्यायचे नाही. तुरा आणि कणसाचे केस निघतात त्या पंधरवड्यात पाण्याचा ताण पडला की दाणे भरत नाहीत, आणि त्याच पिकात दोन दिवस पाणी तुंबले तर पाने पिवळी पडतात. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी देशात आली तेव्हापासून पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, औषध टाकण्याचा खर्च वेगळा. एवढे सगळे करून शंभर-एकशे दहा दिवसांत पीक खळ्यावर येते. जूनमध्ये पेरले की दिवाळीच्या आसपास पैसा दिसतो, चारा गोठ्यात जातो आणि रान कांद्याला मोकळे होते.

चिडीचे उलटे आहे. हिमालयातली आपली चीड साधारण ९०० ते १८०० मीटर उंचीवर, निचऱ्याच्या, आम्लधर्मी, हलक्या जमिनीत वाढते. खत लागत नाही, कारण मुळांवरची बुरशी तिला अन्नद्रव्ये मिळवून देते. ऊन मात्र भरपूर हवे. आमच्या काळ्या, चुनखडीच्या, पावसाळ्यात फुगणाऱ्या जमिनीत ती उभी राहणार नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. आणि जिथे ती रानोमाळ आहे तिथलेही चित्र फार गोड नाही. उत्तराखंडात तिच्या गळलेल्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, उन्हाळ्यात वणव्याला सरपण पुरवतात. त्या गोळा व्हाव्यात म्हणून तिथल्या सरकारला त्या किलोवर विकत घ्याव्या लागतात.

राहिला न्यूझीलंडचा दाखला. तिथले रेडिएटा पाइन मूळचे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचे. कापणीला येते साधारण २८ वर्षांनी, आणि त्याचे ओंडके कांडला बंदरात उतरून गांधीधामच्या आरागिरण्यांत चिरले जातात. ती लागवड करतात मोठ्या कंपन्या आणि गुंतवणूक निधी. अठ्ठावीस वर्षे थांबणे त्यांच्या हिशेबात बसते, कारण त्यांच्याकडे निरनिराळ्या वयाचे हजारो हेक्टर असतात आणि दरवर्षी त्यातला एक तुकडा कापणीला येतो. चार एकरवाल्याकडे एकच तुकडा आहे. त्याच्या मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन हे सगळे त्या अठ्ठावीस वर्षांच्या आतलेच.

महोगनी किंवा चंदन त्याहून लवकर तयार होते, असे विक्रेते सांगतील. असेलही. पण सागवान, चंदन, खैर यांसारखी झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाहतुकीच्या पासाचा हेलपाटा पुन्हा वेगळाच. त्यात चंदन चोरांपासून राखायचे. पत्रकावर यातले काहीच नसते. मक्याच्या बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती छापावी लागते, लॉट नंबर छापावा लागतो, खोटे निघाले तर तक्रार करता येते. वीस वर्षे जमीन अडवणाऱ्या रोपाच्या विक्रेत्याने मात्र तोंडी बाजारभाव सांगितला तरी चालतो.

मका सुखाचा आहे, असे मात्र मी म्हणत नाही. २०२३ च्या डिसेंबरात केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने घातली, मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर मिळाला आणि डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या. एक टन मक्यातून पावणेचारशे लिटरच्या आसपास इथेनॉल निघते. भाव चढले, क्षेत्र वाढले, आणि मग पुरवठा वाढताच लिलावात भाव घसरला. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता. सोंगणीच्या दिवसांत बाजार समितीत त्याच्या बऱ्याच खाली सौदे होतात आणि कारण एकच दिले जाते: ओलावा. हमीभावाला १४ टक्के ओलावा लागतो. परतीच्या पावसातल्या मक्यात तो वीसच्या पुढे असतो. वाळवायला ना खळे पुरते ना ऊन. शिवाय इथेनॉलनंतर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येतो आणि सोयाबीनच्या पेंडीचा भाव पाडतो, म्हणजे विदर्भातल्या सोयाबीन पिकवणाऱ्या भावाच्या खिशाला आमच्या मक्याची झळ. या गुंत्यातून सुटायला झाड लावा, हे सांगायला सोपे आहे.

लांब धाग्याची गरज खरी आहे, तिला आपल्याकडे उत्तरही आहे. ते बांबूत आहे. बांबूचा धागा चिडीपेक्षा आखूड, पण निलगिरीपेक्षा दुप्पट लांब. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरला बांबूवर चालणाऱ्या कागदगिरणीची कंपनी स्वातंत्र्यापूर्वीच स्थापन झाली होती. भारतीय वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने शेतातला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला, तोडायला परवानगी लागत नाही. चार-पाच वर्षांनी पहिली तोड, पुढे दरवर्षी. पाणी तुंबणारी काळी जमीन त्यालाही मानवत नाही, आणि मानवेल ही बांबूची जात फुलोऱ्यावर आली की बेट मरते, हेही शेतकऱ्याला आधीच सांगितले पाहिजे. तरीही बांध, ओढ्याकाठ, मुरमाड पड यांवर तो बसतो, मक्याचे रान न मोडता.

आपल्याकडे मागणे मोजके आहे. मक्याची हमीभाव खरेदी दिवाळीच्या आधी सुरू करा, आणि येवला, लासलगाव, मालेगाव, मनमाडसारख्या बाजार समित्यांत भाड्याने वापरता येतील असे ड्रायर बसवा. क्विंटलमागे चार पैसे घ्या, शेतकरी आनंदाने देईल. ओलाव्यापायी तो याहून कितीतरी जास्त गमावतो.

लाकडाची रोपे विकणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी घ्या: कापणीला किती वर्षे, तोडीची परवानगी लागते का, खरेदीदार कोण आणि कोणत्या दराने. खरेदीचा करार असेल तर तो तालुका कृषी कार्यालयात नोंदवलेला असावा आणि कंपनी बुडाली तर भरपाईसाठी ठेव ठेवलेली असावी.

बांबूच्या लागवडीला अनुदान जाहीर करता तसा लगद्यासाठीच्या बांबूचा टनाचा किमान दरही दरवर्षी जाहीर करा. अनुदानाने रोप लागते, दराने ते टिकते. पहिल्या चार वर्षांसाठी पीककर्जासारखे, व्याज सवलतीचे कर्ज द्या.

आणि पंचवीस-तीस वर्षांची झाडे हवीच असतील, तर ती १९७४ पासून सागाची लागवड करणाऱ्या वन विकास महामंडळाने आपल्या जमिनीवर, आपल्या भांडवलावर वाढवावीत. थांबण्याची ऐपत सरकारला आहे. आमच्या तालुक्यात यंदाच्या खरिपाच्या बैठका सुरू होतील तेव्हा मंचावरून वृक्षशेतीचा सल्ला देण्याआधी आपल्या खात्याने एवढे तरी सांगावे, की पहिला पैसा कोणत्या वर्षी येणार आणि तोवर घर कशावर चालणार.

आपला,
येवला तालुक्यातील एक मका उत्पादक व खोक्यांचा कारखानदार
जि. नाशिक