भूलयंत्र आले, सोडा लाइमचे काय?

संपादक महोदय,

शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या की 'भूलतज्ज्ञ नव्हते' असे कारण छापून येते. बऱ्याचदा ते खरेही असते. पण भूलतज्ज्ञ हजर, सर्जन हजर, यंत्र कोरे करकरीत, आणि तरी शस्त्रक्रियेचे टेबल सुरू होत नाही, असेही सरकारी रुग्णालयांत घडते. अडलेले असते एखाद्या किरकोळ वस्तूवाचून. त्याविषयी थोडे.

यंत्र जिल्हा नियोजन समितीच्या किंवा आमदार-खासदार निधीतून येते, फीत कापली जाते. ते रोज चालवायला लागणारे सामान मात्र त्या ऑर्डरमध्ये नसते. सोडा लाइमचेच घ्या. रुग्णाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे हे दाणे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पांढरे असतात आणि संपत आले की जांभळे पडतात. गंमत अशी, की संपलेला डबा रात्रभर तसाच राहिला तर रंग उतरून दाणे सकाळी पुन्हा पांढरे दिसतात. म्हणून नुसत्या रंगावर विसंबता येत नाही, कॅप्नोग्राफ, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून आलेख दाखवणारा मॉनिटर, लागतो. त्याला श्वासाचा नमुना नेणारी बारीक नळी (सॅम्पलिंग लाइन) आणि त्यातले पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लागतो. लाइनमध्ये पाणी साचले की आलेख गायब. लाइन शिल्लक नाही म्हणून लाखोंचा मॉनिटर मुका, हे चित्र नवे नाही.

दाणे असले की सोडलेला श्वास शुद्ध होऊन पुन्हा वापरता येतो आणि ताज्या वायूचा मिनिटाला लिटरभर प्रवाह पुरतो. दाणे संपले तर इलाज म्हणजे तो प्रवाह मिनिटाला सहा लिटरपर्यंत वाढवणे. आयसोफ्लुरेन हे श्वासातून द्यायचे भुलीचे औषध एक टक्क्यावर ठेवले, तर सहा लिटरला तासाला साधारण १८ मिलिलिटर जाते, एक लिटरला ३. म्हणजे २५० मिलिलिटरची बाटली एकीकडे जेमतेम १४ तास पुरते, दुसरीकडे ८० तासांहून अधिक. सुरुवातीची काही मिनिटे प्रवाह जास्तच ठेवावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक एवढा राहत नाही. तरी सोडा लाइमवर वाचवलेला पैसा औषधात कितीतरी पटींनी जातो. कमी प्रवाहासाठी ऑक्सिजन सेन्सरही चालू हवा. त्यातला रासायनिक सेल वर्ष-दोन वर्षांत आपोआप मरतो, मग अलार्म वाजत राहतो आणि शेवटी कुणीतरी तो बंद करून ठेवतो. हे सर्वांत धोक्याचे.

सुयांचेही तेच. कमरेत भूल द्यायला २५ किंवा २७ नंबरची बारीक सुई हवी. ती नाही म्हणून २२-२३ नंबरची जाड सुई वापरली, तर मोठ्या छिद्रातून मणक्यातले पाणी झिरपत राहते आणि उठून बसले की डोके ठणकते. सिझेरियन झालेल्या आईला बसून बाळाला पाजता येत नाही आणि खाट आणखी काही दिवस अडते.

औषधांची मागणी शस्त्रक्रियांच्या आकड्यावर ठरते. भूल उतरवताना, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर घालवायला, मोठ्या माणसाला निओस्टिग्मिन साधारण अडीच मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच अँप्यूल. नाग चावलेल्या रुग्णालाही तेच लागते आणि पावसाळ्यात ते त्याच खोक्यातून जाते. मण्यार असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. रुग्ण कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर, आणि तो व्हेंटिलेटर सांभाळायला पुन्हा भूलविभागच. टेबले मोजून भूलतज्ज्ञांची पदे ठरवली, तर आयसीयू, रात्रीची प्रसूती, लहान मुलांचे एमआरआय आणि शस्त्रक्रियापूर्व तपासणीची ओपीडी कुणाच्या माथी?

कोल्हापूरसाठी आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती. द्रव ऑक्सिजन टँकरने, रस्त्यानेच येतो. राखीव म्हणून जम्बो सिलिंडर ७००० लिटरचा आणि छोटा १५०० लिटरचा. कागदावर छोटा सिलिंडर मिनिटाला एक लिटरने २५ तास पुरतो. पण भूलयंत्राचा व्हेंटिलेटर वायूच्या दाबावर चालणारा असेल, तर रुग्णाला श्वास देणारा भाता दाबायलाही ऑक्सिजनच जातो आणि तोच सिलिंडर तीन तासांच्या आसपास आटोपतो. पुराचा साठा ठरवताना हा खर्च धरलाच पाहिजे.

मागणी फार मोठी नाही. यंत्राच्या प्रत्येक ऑर्डरमध्ये किमान दोन वर्षांचे सोडा लाइम, सॅम्पलिंग लाइन, ऑक्सिजन सेल आणि सर्व सुट्या भागांसह देखभाल करार असावा. सोडा लाइम आणि सुया नंतरही दरकराराने नियमित मिळाव्यात. सिलिंडर आणि आपत्कालीन औषधे मे अखेरपर्यंत भरलेली असावीत. आयसीयूची भूलतज्ज्ञ पदे टेबलांच्या हिशेबाबाहेर मंजूर व्हावीत. आपल्याकडची तालीम मंडळे, साखर कारखाने आणि दानशूर मंडळी मदतीला मागे राहत नाहीत; त्यांनी काही द्यायचे ठरवले, तर आधी विभागाकडून संपलेल्या सामानाची यादी मागवावी. यादीत बहुधा यंत्र नसेल.

— काही भूलतज्ज्ञ व थिएटर तंत्रज्ञ, कोल्हापूर