नाथांची षष्ठी १५९९ची नव्हे, १६००ची

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीत १५९९ सालातल्या घडामोडी, जन्म आणि मृत्यू यांचं अख्खं पान आलं आहे. मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा आवडीनं आणि दुसऱ्यांदा चष्मा पुसून, कारण मधल्या चौकटीतली ओळ मला खरीच वाटेना. 'संत एकनाथ महाराजांनी पैठण येथे देह ठेवला, फाल्गुन वद्य षष्ठी, शके १५२१ (इ.स. १५९९).' या एका ओळीत तिथी बरोबर, शक बरोबर आणि कंसातलं साल चूक.

शके १५२१ लागलं ते १५९९च्या मार्चमध्ये, पाडव्याला. फाल्गुन हा वर्षाचा शेवटचा महिना. मार्चात सुरू झालेल्या वर्षाचा शेवटचा महिना त्याच इसवी सालात कसा बसेल? मध्ये पौषात जानेवारी लागला आणि साल बदललं. म्हणजे ती षष्ठी १६००च्या फेब्रुवारी-मार्चातली. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे एवढं सगळ्यांच्या तोंडी बसलेलं असतं. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत एकोणऐंशी मिळवायचे, हे मात्र गळून जातं.

हा माझा घरगुती हिशेब नाही. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. अठ्ठ्याहत्तर मिळवले तर १६२९ येतात. पण आपण सगळे १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो, सरकारी सुट्टी त्याच तारखेला असते आणि आपलाच अंक दरवर्षी तेच साल छापतो. मग फाल्गुन वद्य तृतीयेला एक हिशेब आणि त्याच पंधरवड्यातल्या षष्ठीला दुसरा, हे कसं चालतं? काही पुस्तकांतही १५९९ छापलेलं आहे, हे मला माहीत आहे. एका पुस्तकातून दुसऱ्यात असंच उतरत आलं आहे. आपण त्यात आणखी एका कागदाची भर घातलीत.

सगळ्यात जास्त लागलं ते त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात एडमंड स्पेन्सर पाहून. हा इंग्रज कवी १३ जानेवारी १५९९ला लंडनमध्ये वारला, असं आपण दिलं आहे. ते बरोबरच आहे. पण त्या काळी इंग्लंडात वर्ष बदलायचं २५ मार्चला. स्पेन्सर गेला तेव्हा तिथल्या कागदांवर १५९८च चालू होतं. पुढच्या लोकांनी नीट विचार करून त्याचा जानेवारी १५९९मध्ये सरकवला आणि आपण तो सरकवलेला आकडा तसाच घेतलात. मार्चात सुरू होणाऱ्या वर्षाच्या शेवटी आलेला मृत्यू पुढच्या सालात धरायचा, हे लंडनच्या कवीसाठी केलं जातं. पैठणच्या नाथांसाठी तेच करायला कुणाला सुचत नाही. मराठी वर्तमानपत्रात हे पाहून मला राग आला, आणि तो मी लपवत नाही.

ज्यांच्याबाबतीत हे झालं ते कोण, तेही पाहा. नाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ शोधून ती प्रत शुद्ध केली. शेवटी शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपदातली कपिलाषष्ठी, गोदातट, असं सगळं स्वतः लिहून ठेवलं. यापुढे कुणी त्यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखं होईल, असंही बजावलं. त्याआधी काशीत भागवत पुरं केलं, तेव्हाही शके १४९५, श्रीमुख संवत्सर, कार्तिकी पौर्णिमा, अशी नोंद केली. या दोन्ही ठिकाणी अठ्ठ्याहत्तर मिळवले की बरोबर १५८४ आणि १५७३ येतात, कारण भाद्रपद आणि कार्तिक जानेवारीच्या अलीकडचे. इतक्या काटेकोर माणसाच्या शेवटच्या तिथीचं साल आपण मोघम छापावं?

एका वर्षानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. आमच्या घरात काय बिघडलं, ते सांगते.

माझे वडील रथसप्तमीचे, शके १८५९चे. आजोबांनी करून घेतलेली त्यांची पत्रिका माझ्याकडे आहे. पिवळट कागदाची लांब गुंडाळी, वरच्या टोकाला कुंकवाचं बोट, खाली 'ईश्वर नाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी'. इंग्रजी तारीख त्यात नाही. आजोबांनी ती शाळेत नेली, तेव्हा गुरुजींनी तिच्याच कडेला पेन्सिलीनं बेरीज केली. १८५९, खाली ७८, रेघ, खाली १९३७. ती बेरीज अजून वाचता येते. माघाचा महिना, म्हणून एकोणऐंशी मिळवायला हवे होते आणि १९३८चा फेब्रुवारी यायला हवा होता. गुरुजींनी ७ फेब्रुवारी १९३७ लिहिलं. तेच दाखल्यावर आलं आणि दाखल्यावरून सर्व्हिस बुकात गेलं.

वडील सरकारी नोकरीत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २८ फेब्रुवारी १९९५ला त्यांना निवृत्त केलं. खरं तर त्यांना सत्तावन्न पुरी झाली होती. धाकटा भाऊ तेव्हा शिकत होता, घराच्या स्लॅबचं कर्ज फिटायचं होतं. निवृत्तीच्या आधी दोन महिने वडील ती गुंडाळी धोतराच्या फडक्यात बांधून साहेबांकडे घेऊन गेले. साहेब भले होते, त्यांनी पत्रिका उलगडून पाहिली, पेन्सिलीची बेरीजही पाहिली. म्हणाले, "काका, तुमचं खरं असेल, पण आता फार उशीर झाला. सर्व्हिस बुकात जे आहे तेच चालणार." बारा पगार गेले, एक वेतनवाढ गेली आणि पेन्शन कायमची कमी बसली. निरोप समारंभातली शाल त्यांनी आयुष्यात कधी अंगावर घेतली नाही. पुढे दर रथसप्तमीला आई त्यांना ओवाळायची, तेव्हा ते स्वतःचं वय मोठ्यानं सांगायचे, खरं वय. तेव्हापासून कुठेही शकाशेजारी इसवी साल दिसलं की मी आधी महिना पाहते.

त्याच पानावर आणखीही आहे. वेलाझक्वेझ या चित्रकाराचा जन्म ६ जूनचा दिला आहे. तो त्याच्या बाप्तिस्म्याचा दिवस, स्पेनमधल्या सेव्हिलच्या चर्चमधल्या नोंदीतला. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या जन्माचा २५ एप्रिल इंग्लंडच्या जुन्या कालगणनेचा, तर स्पेननं १५८२मध्येच दहा दिवस गाळून नवी कालगणना घेतली होती. दोन्ही तारखा एकाखाली एक छापताना तसं एका ओळीत सांगायला हवं होतं. आणि मे १५९९मध्ये अकबराचा मुलगा मुराद दख्खनच्या मोहिमेवर असताना, आपल्याच पूर्णेच्या काठी मेला, त्याचा कुठे उल्लेख नाही. ज्याच्या वेढ्यापुढे चांदबिबीनं अहमदनगर राखलं, तोच हा मुराद. अँटवर्पचा चित्रकार व्हॅन डाइक पानावर आहे, चित्रासकट आहे. तो असावाच. पण मराठवाड्यातला वाचक मराठवाड्यात घडलेलं शोधणार की नाही?

हे लिहिते आहे तर दुसरंही सांगून टाकते. पूर्वी आपण पहिल्या पानावर तारखेखाली तिथी, मास आणि शक छापायचात. दोन वर्षांपूर्वी ते आतल्या पानावर गेलं, मग जाहिरातीखाली गेलं. आता फक्त तिथी उरली आहे, तीही इतक्या बारीक अक्षरात की माझ्या वयाच्या माणसाला भिंग लागतं. सूर्योदय मुंबईचा, पैठणला त्याचा काय उपयोग? शक तर छापणंच बंद केलंत. रोज डोळ्यांखालून शक गेला असता, तर आपल्याच कचेरीत पान लावणाऱ्या कुणाला तरी पौष-माघ-फाल्गुनाची ही गोष्ट आठवली असती.

मी पैठणला नाथांच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर राहते. षष्ठीला दिंड्या येतात, तेव्हा आमच्या ओट्यावर पाण्याचे माठ भरलेले असतात. टेकलेले वारकरी हमखास विचारतात, "माय, महाराजांना किती वर्षं झाली?" मी १६०० धरून सांगते. यंदा त्यांच्यातल्या कुणाच्या पिशवीत आपलं पान असेल आणि तो मला म्हणेल, एक वर्ष चुकलं तुमचं. मग मी ओट्यावर बसून त्याला पाडवा, पौष आणि फाल्गुन समजावून सांगणार. ते मी करेन. पण चूक आपली आहे, म्हणून ती आपण दुरुस्त करावी. षष्ठीच्या आधी, रविवारच्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत.

माझ्या नातीनं ते पान कापून शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवलं आहे. मी ते काढायला लावलेलं नाही. शेजारचं पान मात्र कोरं ठेवायला सांगितलं आहे. आपली दुरुस्ती छापून आली की ती तिथे लावणार आहे.

कळावे,
आपली जुनी वाचक,
पैठण