बागेतले दिवे बदलण्याआधी जमिनीतला जोड बघा

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय: बागेच्या पायवाटेवरील १२ व्होल्टच्या दिव्यांमधील बिघाडाबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

बागेतले चौदाही दिवे काढून नवे बसवायचे आणि जोडीला मोठा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, असा प्रस्ताव पुढच्या सभेत येणार असल्याचे फलकावर वाचले. तो मंजूर करण्याआधी हे पत्र सभेत वाचून दाखवावे, ही विनंती. दिवे चांगले आहेत. बिघाड जमिनीत पुरलेल्या एका जोडात आहे आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गेल्या पंधरवड्यात माझी आई संध्याकाळी फिरायला गेली होती. पाचव्या दिव्याजवळच्या पायरीवर तिचा पाय मुरगळला. तिथला दिवा चालू होता, पण काजव्याएवढा. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जाईना.

तपासणीला आलेल्या इलेक्ट्रिशियनने पायवाटेवरचे सगळे दिवे काढले, पाचव्याच्या जागी वायरच्या दोन टोकांना मीटर लावला, मीटरने १२ दाखवले आणि ‘लाइन ठीक आहे, दिवे गेलेत’ असा निष्कर्ष निघाला. चूक झाली ती इथेच. सगळे दिवे काढले की वायरमधून प्रवाह वाहायचाच थांबतो, आणि प्रवाह नसला की सडलेल्या जोडाच्या पुढेही व्होल्टेज पुरते दिसते. अर्धवट तुंबलेल्या पाइपाचेही असेच असते. नळ बंद असतो तोवर दाब पूर्ण असतो, नळ सोडला की धार बारीक होते. म्हणून मोजायचे ते दिवे जळत असताना.

सेक्रेटरींच्या परवानगीने आणि वॉचमन काकांना सोबत घेऊन मी एका संध्याकाळी तसे मोजले. पायवाटेच्या ओळीत नऊ दिवे आहेत, प्रत्येकी ५ वॉटचे. पहिल्यावर ११.७ व्होल्ट मिळाले, दुसऱ्यावर ११.६, तिसऱ्यावर ११.५, चौथ्यावर ११.४. पाचव्यावर एकदम ८.९! तिथून पुढे पुन्हा थोडे थोडे कमी होत नवव्यावर ८.५, आणि तो दिवा नुसता फडफडत होता. वायर बारीक किंवा फार लांब असती, तर व्होल्टेज सुरुवातीपासूनच टप्प्याटप्प्याने उतरत गेले असते. एकाच टप्प्यात अडीच व्होल्ट गेले, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या दिव्याच्या मध्येच काहीतरी आहे. खात्रीसाठी नवव्या जागेचा दिवा काढून पहिल्याच्या जागी लावला. तो लख्ख पेटला.

मग पुरवठा बंद करून, खुरप्याने हळूहळू माती बाजूला केली. याच जागी मध्यंतरी नवी झाडे लावली होती. वीतभर खाली वायरचा जोड सापडला. कुदळीने तुटलेली वायर कोणीतरी पीळ देऊन जोडली होती आणि वर साधी काळी टेप गुंडाळली होती. टेप बोटाला चिकटत होती. सोडवली तर आतून पाणी ओघळले, तांब्याच्या तारांवर हिरवा गंज चढला होता आणि निम्म्या तारा हात लावताच तुटून पडल्या. आदल्या संध्याकाळी तिथून क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती पकडून प्रवाह मोजणारा मीटर) २ अँपिअर प्रवाह दिसला होता. अडीच व्होल्ट गुणिले २ अँपिअर म्हणजे ५ वॉट. एका आख्ख्या दिव्याला लागते तेवढी वीज त्या जोडात नुसती उष्णता होऊन जात होती. १२ व्होल्टला कोरडा हात लागला तर झटका जाणवत नाही, म्हणून लोक हे काम सहज घेतात. पण कमी व्होल्टेजला तेवढ्याच वॉटसाठी प्रवाह जास्त लागतो, आणि खराब जोड तापतो तो प्रवाहामुळे.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरची गरज मला दिसत नाही. सध्याचा १५० व्हीएचा, म्हणजे साधारण १५० वॉटपर्यंतचा भार पेलणारा आहे आणि चौदा दिव्यांचा भार ७० वॉट. व्होल्टेज वाढवणारा घेतला, तर जवळच्या चार दिव्यांवर विनाकारण जास्त व्होल्टेज जाईल आणि जोड आहे तसाच सडत राहील. जमिनीखालच्या जोडासाठी आत जेल भरलेले जलरोधक कनेक्टर मिळतात. ते वापरावेत, किंवा जोड जमिनीच्या वर, बंद डबीत आणावेत. इतर जोडही एकदा उघडून पाहिले पाहिजेत, कारण ते त्याच हातांनी केलेले असणार.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पाऊस पडला की बागेचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) पडतो आणि वॉचमन काका तो परत वर करतात. मागच्या आठवड्यात ‘तो काढून लाइन डायरेक्ट करा’ असेही कोणीतरी सुचवले. कृपा करून हे होऊ देऊ नका. आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये १२ व्होल्टची बाजू मेन लाइनपासून वेगळी आहे. त्यामुळे बागेतल्या दिव्यांत कितीही पाणी शिरले, तरी त्याने ईएलसीबी पडत नाही. तो पडतोय याचा अर्थ गळती मेनच्या बाजूला आहे: ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत किंवा तिच्यापर्यंत येणाऱ्या केबलमध्ये. पेटीत केबल वरच्या भोकातून शिरते आणि त्या भोकाला ग्लँड (केबलभोवतीची फट घट्ट बंद करणारा भाग) नाही, एवढे बाहेरूनही दिसते. पेटी मी उघडलेली नाही, ते परवानाधारक माणसाचेच काम आहे. पण तिच्यासमोरच पाणी साचते आणि त्या डबक्यात आपली मुले अनवाणी खेळतात. पेटीची तपासणी होईपर्यंत बागेचा मेन स्विच बंदच ठेवावा आणि काकांना तशी लेखी सूचना द्यावी. पडलेला ईएलसीबी वर करायचा की नाही, याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे बरोबर नाही.

पलीकडच्या कोपऱ्यातले दिवे रात्रभर चालू-बंद होतात, त्याचे कारण किरकोळ आहे. उजेड ओळखणारा सेन्सर त्यातल्याच एका दिव्याकडे तोंड करून बसवला आहे. दिवा लागला की सेन्सरला दिवस वाटतो. तो आकाशाकडे वळवला की झाले.

काढलेला जोड मी पिशवीत घालून ऑफिसात ठेवला आहे, सभेत सगळ्यांनी तो हातात घेऊन पाहावा. नवे काम होईल तेव्हा केबल कुठून जाते याचा साधा नकाशा काढून माळीदादांकडे एक प्रत द्यावी. मेन पुन्हा चालू झाल्यावरच्या शनिवारी संध्याकाळी मी मीटर घेऊन बागेत थांबू शकते. मेन बंद असेपर्यंत वाट अंधारीच राहणार, तेव्हा पाचव्या दिव्याजवळच्या पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाची पट्टी तेवढी उद्याच मारून घ्यावी.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सभासद