मर्कोसुरची ड्युटी आणि रबाळ्यातील रबरी सील

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,
स. न. वि. वि.

रबाळे एमआयडीसीतील माझ्या गाळ्यात पंपांना लागणारी रबरी सील तयार होतात. ब्राझीलमधील साओ पावलोच्या एका ग्राहकाने आमचे नमुने पसंत केले, मात्र ऑर्डर अर्जेंटिनाच्या पुरवठादाराला दिली. त्याचा दर आमच्याहून चढा होता, तरी त्याच्या मालाला तिथे ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, नव्हती.

ब्राझील, अर्जेंटिना, पॅराग्वे आणि उरुग्वे यांनी 1991 साली मर्कोसुर हा व्यापारसंघ स्थापन केला आणि 1995 पासून आपसातल्या बहुतेक मालावरचे शुल्क काढून बाहेरच्या मालासाठी समान शुल्क ठेवले. समजा, आमचा नग 100 रुपयांना आणि अर्जेंटिनाचा 108 रुपयांना आहे; 14 टक्के ड्युटी बसली की आमचा नग 114 रुपयांवर जातो. व्यापार असा स्वस्त उत्पादकाकडून महागाकडे वळतो, हे जेकब व्हायनर या अर्थतज्ज्ञाने 1950 सालीच दाखवून दिले होते. अशा संघाने बाहेरच्यांवरचे शुल्क एकंदरीत पूर्वीपेक्षा वाढवू नये, असे गॅट या जागतिक व्यापार कराराचे 24 वे कलम सांगते. पण आमचे शुल्क जागच्या जागी राहिले आणि शेजाऱ्याचे शून्यावर आले, तरी आमचे गिऱ्हाईक जातेच.

भारत-मर्कोसुर करार 1 जून 2009 पासून लागू आहे. त्यात मर्कोसुरने जेमतेम साडेचारशे प्रकारच्या मालाला सवलत दिली असून बहुतेकांना ती मूळ शुल्काच्या 10 टक्केच आहे. म्हणजे 14 टक्क्यांची ड्युटी 12.6 होते, आणि 112 रुपये 60 पैशांचा नग 108 रुपयांच्या नगापुढे टिकत नाही.

संयुक्त अरब अमिराती आखाती देशांच्या अशाच सीमाशुल्क संघात असूनही तिच्याशी आपला स्वतंत्र करार मे 2022 पासून लागू झाला. ब्राझीलशी तसे जमणे अवघड आहे, कारण शुल्कसवलतीच्या वाटाघाटी सदस्यांनी एकत्रच कराव्यात, असा मर्कोसुरचा 2000 सालचा निर्णय आहे. एकदा ठरलेली सवलतीच्या मालाची यादी पुन्हा उघडायची तर साऱ्यांची संमती लागते आणि त्यात वर्षे जातात, म्हणून ती ठरतानाच लहान कारखान्यांचे म्हणणे ऐकले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कराराची व्याप्ती वाढवताना आपल्या अधिकाऱ्यांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात येऊन मराठीतून सुनावणी घ्यावी. आम्ही आमचे एचएस कोड (शुल्कासाठीचे मालाचे वर्गीकरण क्रमांक), दरपत्रके आणि हातून गेलेल्या ऑर्डरींचे कागद घेऊन हजर राहू.

आपला विश्वासू,
एक लघुउद्योजक, रबाळे, नवी मुंबई