सर्कशीतील हत्तीची बंदी कायद्यातच हवी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण जुलै 2025 मधील न्यायालयीन आदेशांनुसार गुजरातमधील जामनगरच्या वनतारा या प्राणी संगोपन केंद्रात हलवण्यात आली. त्यानंतर कोल्हापुरात निघालेले मोर्चे आणि सर्वपक्षीय नेत्यांची वक्तव्ये आम्ही मराठवाड्यातील वाचकांनीही पाहिली. श्रद्धा विरुद्ध प्राणिहक्क एवढ्यावरच तो वाद रंगला आणि पाळीव हत्तींबाबतचा कायदा मुळात काय सांगतो, हा प्रश्न बाजूला पडला. सर्कशीतील हत्तीच्या निमित्ताने तो येथे मांडावासा वाटतो.

सर्कशीत प्राण्यांना बंदी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. केंद्र सरकारने 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांना मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये ती कायम ठेवली, हे खरे. परंतु त्या यादीत हत्ती नव्हता. हत्ती तंबूबाहेर पडू लागला तो 2013 पासून, केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने धोरण बदलल्यामुळे आणि एकेका सर्कशीची मान्यता रद्द होत गेल्यामुळे. सर्कशीतील सर्वच प्राण्यांच्या खेळांवर बंदी सुचवणारा 2018 चा मसुदाही नियमांचा होता, संसदेने संमत केलेला कायदा नव्हे. एका प्राधिकरणाचे धोरण पुढचे प्राधिकरण फिरवू शकते, हे कोणत्याही सरकारी कचेरीत उमेदवारी केलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

उलट 2022 च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 43 मध्ये मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस ‘धार्मिक किंवा अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी’ हत्तीचे हस्तांतरण वा वाहतूक अटींवर करण्याची मुभा दिली. या ‘अन्य कोणत्याही’वर काँग्रेसचे खासदार जयराम रमेश यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता आणि पक्षभेद बाजूला ठेवून पाहिले तर तो रास्त आहे. 2024 च्या नियमांत पशुवैद्यकीय तपासणी आहे, सोबत माहूत असण्याची अट आहे. पण नव्या ठिकाणी हत्तीकडून खेळ करून घेतले जाणार नाहीत, अशी नि:संदिग्ध अट कायद्यात घालायला काय हरकत होती?

पशुसंवर्धन खात्यातील नोकरीच्या काळात एका जत्रेत उतरलेल्या सर्कशीच्या तंबूमागे मी हत्तीण जवळून पाहिली आहे. मागच्या पायाला साखळीचा घट्टा पडलेला, तळवे भेगाळलेले, नखांच्या कडेला पू आणि खाली स्वतःच्याच मूत्राने ओली झालेली जमीन. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. ज्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातून उन्हाळ्यात फिरणाऱ्या तंबूने ते कोठून आणायचे?

सर्कसवाल्यांची बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. या व्यवसायाचा पाया आपल्याकडे विष्णुपंत छत्रे यांनी घातला, त्याचे अप्रूप मलाही आहे. बंदीचा आदेश निघतो तेव्हा हत्ती कोठे तरी पाठवला जातो. ज्याच्या हाकेवर तो उठत-बसत होता, त्या माहुताचे काय झाले याची मात्र कोणी चौकशी करत नाही. डेन्मार्कच्या सरकारने 2019 मध्ये देशातील सर्कशीचे शेवटचे चार हत्ती 1 कोटी 10 लाख क्रोनर मोजून विकत घेतले. आपल्याकडे एवढी रक्कम नको, पण संगोपनाचा खर्च कोणी करायचा आणि माहुताला त्याच केंद्रात नोकरी मिळणार की नाही, हे कायद्यातच नमूद व्हावे.

मराठवाड्यातील आठ खासदारांपैकी एकाने जरी कलम 43 मधील ही पळवाट बुजवणारे आणि सर्कशीतील हत्तींचे खेळ थेट प्रतिबंधित करणारे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडले आणि ते चर्चेला आले, तरी सरकारला या प्रश्नावर आपली भूमिका सभागृहात स्पष्ट करावी लागेल.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, परभणी