बॉयकॉट हे आडनाव

गॉलवे, आयर्लंड
रविवार, संध्याकाळ

आदरणीय आजोबांस,
सविनय जयभीम.

मागच्या फोनवर तुम्ही विचारलं होतं, टीव्हीवर सारखा ऐकू येणारा ‘बॉयकॉट’ शब्द आला कुठून? ते इथल्याच एका कारभाऱ्याचं आडनाव आहे. काल मेयो परगण्यात, तो राहायचा त्या लॉख मास्क तळ्यावर जाऊन आले.

चार्ल्स बॉयकॉट लॉर्ड अर्नच्या जमिनी सांभाळायचा. १८८० मध्ये कुळांनी खंड कमी करायला सांगितलं, तर यानं त्यांना जमिनीवरून उठवायच्या नोटिसा काढल्या. लोकांनी मारहाण केली नाही, संबंध तोडले. मजूर शेतातून निघून गेले, दुकानदार माल देईना, घरातले नोकर येईनात. उभं पीक काढायला बाहेरून ५० माणसं आणली, त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई! डिसेंबरात तो आयर्लंड सोडून गेला. या प्रकाराला नाव काय द्यावं? ‘ऑस्ट्रसाइझ’ हा जुना शब्द कुळांना कळला नसता, म्हणून जॉन ओमॅली या पाद्रीनं आडनावच सुचवलं.

तळ्याकाठी उभी होते, पण डोळ्यांपुढे तुमचं गाव होतं. ५६ च्या दीक्षेनंतर आपल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि गावानं वाळीत टाकलं. किराणा बंद, चक्कीवर दळण बंद, मजुरी बंद. पणजीनं जात्यावर ज्वारी दळून दिवस काढले, ती संपल्यावर तुम्ही सगळे नागपुरात इंदोऱ्याला आलात. दुकान, मजुरी, सगळं तेच. पण इथं कुळांनी जमीनदाराच्या माणसाला एकटं पाडलं, आपल्याकडं अख्ख्या गावानं पाच घरांना. बॉयकॉटसाठी सरकारनं पलटण धाडली. त्या पाच घरांसाठी एक हवालदारही आला नाही.

म्हणून ‘बॉयकॉट’चं मराठी ‘वाळीत टाकणं’ असं कुणी करू नये असं मला फार वाटतं. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’ का ठेवलं, ते मला काल नीट कळलं. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा व्हायला २०१६ उजाडलं.

गुडघ्याला तेल लावत जा. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका.

आणि एक काम आहे. बॉयकॉटचं आडनाव जगभरच्या शब्दकोशांत आहे. त्या पाच घरांची आडनावं मला लिहून पाठवा, तुमच्या हातानं.

तुमची नात